पत्ता, खातं, चकोल्या

सकाळी साडेसहा

बाहेर मिट्ट काळोख आहे. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. या दिवसांत श्टुटगार्टला उजाडायला आठ वाजत येतात. नाशिकला दहा वाजलेत. आईचा फोन येतो तेव्हा मागे कढईचा चर्र आवाज ऐकू येतो. दिवाळी तोंडावर आली आहे आणि घरी फराळाचं चाललंय.

“करमतंय का गं?”

हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं. आई, मावशी, कॉलनीतल्या काकू, सगळ्यांचा एकच. खरं उत्तर असं आहे की करमायला किंवा न करमायला अजून वेळच मिळालेला नाही. परदेशी शिकायला गेलेल्या मुलीने पहिले काही दिवस खिडकीशी बसून घर आठवायचं, अशी सगळ्यांची समजूत दिसते. प्रत्यक्षात हे दिवस फाइलचे असतात. मी इंजिनीअर होऊन मास्टर्स करायला आले आहे, पण तूर्त नोकरी स्वतःच्याच कारकुनाची.

फोन सकाळीच उरकून घ्यावा लागतो. आपल्यात आणि जर्मनीत सध्या साडेतीन तासांचं अंतर आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातील, की ते साडेचार तासांचं होईल. म्हणजे माझी संध्याकाळ सुरू होते तेव्हा घर निजानीज करायला लागलेलं असतं. संध्याकाळी सातनंतर कितीही बोलावंसं वाटलं तरी पलीकडे उचलणारं कुणी नाही.

सात

आमच्या वसतिगृहात पाच जणांत एक स्वयंपाकघर आहे. फ्रिजचा एक कप्पा आणि कपाटाची एक फळी माझी. छताला धुराचा अलार्म लावलेला आहे आणि मराठी स्वयंपाकाचा इथला पहिला शत्रू तोच. मोहरी तडतडली, मिरची पडली की ठसका आपल्याला लागायच्या आत त्याला लागतो. म्हणून आधी खिडकी उघडायची, पंखा चालू करायचा आणि फोडणी मंद आचेवर, जवळजवळ चोरून करायची. तशा फोडणीला खमंगपणा येत नाही, पण सकाळी सातला चार परदेशी मुलांना थंडीत अंगणात उभं करण्यापेक्षा ते परवडतं.

तूप घरून आणता आलं नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, खवा, साजूक तूप सगळं मुंबईला विमानतळावर निरोप द्यायला आलेल्या मामाच्या हाती परत गेलं. पण इथे सुपरमार्केटमध्ये बुटरश्माल्झ नावाचा पिवळा डबा मिळतो. तापवून पाणी आणि बेरी काढलेलं लोणीच ते. वास आपल्या तुपाइतका खरपूस नाही, भातावर मात्र चालून जातं.

साडेआठ

आजचा मोठा कार्यक्रम: आनमेल्डुंग, म्हणजे आपण या गावात राहायला आलो अशी सरकारदरबारी नोंद. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करायची असते, जर्मन नागरिकानेसुद्धा. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरून इंदिरानगरला बिऱ्हाड हलवलं तर महापालिकेला कळवायचं कुणाच्या मनातही येणार नाही. इथे सगळ्या कागदांची आई ही नोंद आहे.

फायहिंगन या श्टुटगार्टमधल्या आमच्या भागाच्या ब्युर्गरब्युरोत, म्हणजे नागरिक कार्यालयात, मला वेळ दिलेली आहे. वेळेला इथे टर्मीन म्हणतात आणि आम्ही सगळे भारतीय विद्यार्थी आल्या आल्या हा शब्द मराठीत, हिंदीत, तेलुगूत बिनदिक्कत वापरायला लागतो: “टर्मीन मिळाला का?” फाइलमध्ये पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, भरलेला अर्ज आहे आणि घरमालकाचं प्रमाणपत्र आहे. या प्रमाणपत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. ही बाई खरंच माझ्याकडे राहायला आली आहे, असं घर देणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यायचं. २०१५ च्या नोव्हेंबरपासून ते सक्तीचं आहे. भाड्याचा करार दाखवून भागत नाही. वसतिगृहात असल्यामुळे मला ते सहज मिळालं. खाजगी खोली घेतलेल्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं, कारण जो मालक हा कागद द्यायला टाळाटाळ करतो त्याच्या खोलीत पाऊलच ठेवू नये.

खिडकीमागच्या बाई पासपोर्ट उघडतात आणि माझ्या नावाशी थबकतात. आपल्याकडे पासपोर्टवर मुलीच्या नावाला जोडून वडिलांचं नाव येतं. इथे आडनावाआधीचं सगळं हे तिचंच नाव.

“ही दोन्ही नावं तुमची?”

“दुसरं वडिलांचं आहे.”

“पण पासपोर्टवर तुमचं आहे.”

यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तेव्हापासून जर्मन सरकारच्या दफ्तरी मला बाबांचं नाव लागलं आहे. विम्याचं पत्र आलं तर त्यातही आधी ‘श्रीमती’ आणि मग सगळी वरात. बाबांना फोटो पाठवला तर ते खूश.

मग बाई धर्म विचारतात. चौकशी कराची आहे. नोंदणीकृत चर्चचा सभासद असलेल्याकडून सरकार प्राप्तिकराबरोबर चर्चसाठी कर गोळा करतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्न या दोन राज्यांत तो प्राप्तिकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. माझा रकाना रिकामा राहतो. दहा मिनिटांत शिक्का मारलेला एक साधा कागद हातात पडतो. फी काही नाही. हा कागद मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालते, कारण दुपारी बँकेत, पुढे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आणि आणखी कुठे कुठे तोच दाखवायचा आहे.

परत आल्यावर आधी पत्रपेटीवरची चिठ्ठी घट्ट चिकटलेली आहे का ते पाहते. जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन घरावरची आणि पेटीवरची नावं वाचतो आणि नाव सापडलं नाही तर पत्र परत जातं. कराचा अकरा आकडी क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन, तोही कार्डाबरोबर नाही तर वेगळ्या पाकिटातून, सगळं टपालानेच येतं. ज्या देशाच्या मोटारी आमच्या चाकणला तयार होतात तो देश अजून पाकिटावर चालतो, हे मला नाशिकमध्ये कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पावणेदहा

पहिलं लेक्चर. फायहिंगन स्टेशनपासून विद्यापीठाचं स्टेशन दोनच थांबे. स्टेशनात शिरताना ना फाटक, ना तिकीट तपासणारं यंत्र. सरळ चालत जाऊन गाडीत बसायचं. तिकीट नसताना सापडलं तर ६० युरो. साध्या कपड्यातला तपासनीस कधी उठून उभा राहील सांगता येत नाही. मुंबईच्या लोकलने प्रवास केलेल्याला ही भीती नवी नाही.

लेक्चर नव्वद मिनिटांचं. सर आत येतात, ‘गुटन मॉर्गन’ म्हणतात आणि कुणीही उभं राहत नाही. माझे गुडघे अजून अर्धे वर होतातच. हजेरी घेतच नाहीत. आमच्या कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरीसाठी मेडिकल सर्टिफिकेटं गोळा केलेली आम्ही मुलं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात फार सुटल्यासारखं वाटतं. मग हिशेब कळतो. मास्टर्सचे १२० क्रेडिट, सत्राला साधारण ३०, आणि इथे एका क्रेडिटमागे ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे एका सत्रात ९०० तास. वर्गात बसण्याचे त्यात थोडेच, उरलेले माझे मी करायचे. कुणी मागे लागणार नाही. परीक्षेलासुद्धा आपण होऊन, मुदतीच्या आत, पोर्टलवर नाव नोंदवायचं. लेक्चरला रोज बसणाऱ्याचं नाव आपोआप यादीत जात नाही. सर्वांत चांगली श्रेणी १.० आणि नापास ५.०. दादाला सांगितलं तर त्याला आधी वाटलं, मी पाचपैकी एक मिळवायला निघाले आहे.

तास संपतो तेव्हा टाळ्या वाजत नाहीत. सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतो. दोनशे मुलांची ती टकटक पत्र्यावर पावसाचे टपोरे थेंब पडावेत तशी लागते. मीही वाजवते. चौथी रांग पूर्ण भारतीय आहे आणि आमचीच टकटक सगळ्यांत जोरात असते.

नातेवाइकांच्या एका गैरसमजाचं इथेच सांगून टाकते. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. बऱ्याच राज्यांत सरकारी विद्यापीठांत ते जवळपास खरं आहे. पण श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सत्राला १५०० युरो भरावे लागतात. आम्ही ते भरून आलो, कारण या शहराच्या आसपास गाड्यांचा आणि यंत्रांचा सगळा धंदा बसला आहे.

साडेबारा

मेन्झा, म्हणजे विद्यापीठाची खाणावळ. कार्ड टेकवलं की विद्यार्थ्याचा दर लागतो, पाहुण्याला जास्त. शाकाहारी माणसाचं जर्मनीत काय होणार, अशी काळजी घरी फार होती. व्हायला काही झालं नाही, मेन्झात रोज काही ना काही बिनमांसाचं असतंच. फक्त विचारायचं. माउलटाशन नावाचा इथला पदार्थ दिसायला निरुपद्रवी, चौकोनी करंजीसारखा, पण पारंपरिक सारणात मांस. लोक गमतीने सांगतात की उपासाच्या दिवसांत मांस देवाला दिसू नये म्हणून साधूंनी ते पिठाच्या पारीत लपवलं. एकादशीला दुप्पट खाणाऱ्यांनी याला हसू नये.

आज मात्र ताटात जे पडलं ते पाहून मी थांबले. लिन्झन मिट श्पेट्झलं. या प्रांताचं, म्हणजे श्वाबियाचं, हे घरोघरचं जेवण: शिजवलेल्या मसुरासारख्या तपकिरी डाळीत कणकेचे मऊ, वेडेवाकडे तुकडे, आणि वर दोन सॉसेज. सॉसेज नको म्हटलं. वाढणाऱ्या बाईंनी बाजूची बाटली माझ्याकडे सरकवली, तर व्हिनेगर. डाळीवर ते थोडं घालायचं, आंबटपणासाठी. मी घातलं, एक घास घेतला आणि समोरच्या कोल्हापूरच्या मुलीकडे पाहिलं. ती आधीच हसत होती. चकोल्या! हिंग-मोहरीची फोडणी नाही, गोडा मसाला नाही, आमसुलाऐवजी व्हिनेगर, पण डाळ, कणीक आणि आंबट हे त्रिकूट तेच. तिची आजी याला वरणफळं म्हणते. दोन गरीब, डोंगराळ मुलखांतल्या बायकांनी एकमेकींचं तोंड न पाहता उरलेल्या कणकेचं तेच केलं.

या डाळीची गोष्ट मला आमच्या प्रयोगशाळेतल्या एका जर्मन मुलाने सांगितली, आणि मी नंतर वाचून पडताळली. श्वाबियाच्या उंच, दगडाळ पठारावर पूर्वी मसूर भरपूर पिकायचा. त्यात कष्ट फार आणि उतारा कमी, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यानंतर लागवड थांबली आणि इथले जुने वाण नाहीसे झाले. काही शेतकऱ्यांनी पुढे परदेशी बियाण्यावर पुन्हा सुरुवात केली, पण ते मनात जुन्या वाणाचा ध्यास धरून होते. २००६ साली तो सापडला, रशियात! सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात मूठभर दाणे जपून ठेवलेले होते. तिथून ते परत आले, वाढवले गेले, आणि आता ‘आल्ब-लाइझा’ नावाने विकले जातात. मेन्झातली डाळ अर्थात ती नव्हे, ती महाग असते. पण हे ऐकल्यावर व्हिनेगरची बाटली मी पुन्हा एकदा मागितली.

दुपारी दोन

बँक. सकाळच्या कागदाचं खरं काम इथे. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी आधीच वर्षभराचा खर्च बंद खात्यात, श्पेरकोंटोत, ठेवावा लागतो: सध्या ११,९०४ युरो. त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. पण सुटून जाणार कुठे? इथल्या चालू खात्यात. आणि चालू खातं उघडायला बँकेला हवा पत्त्याचा दाखला. पत्त्याचा दाखला हवा तर घर हवं, आणि घराचं भाडं कापून घ्यायला घरमालकाला हवा खाते क्रमांक. पैसे माझेच, बाबांनी कर्ज काढून भरलेले, आणि मी त्यांच्या भोवती प्रदक्षिणा घालते आहे. अंगावर आणलेल्या रोख युरोंवर इतके दिवस काढले.

बँकेतला तरुण नम्र आहे, इंग्रजीही बोलतो, पण फॉर्म जर्मनमध्ये. अकरावी-बारावीला गुणांसाठी घेतलेलं जर्मन आणि नंतर पुण्याला लावलेला क्लास यांची परीक्षा इथे होते. वाचायला जमतं, ऐकायला फजिती, कारण इथले लोक बोलतात श्वाबियन. पुस्तकातलं ‘इस्ट’ त्यांच्या तोंडी ‘इश्’ होतं. पुण्याच्या बाई आम्हाला उच्चारावरून ओरडायच्या. त्यांना एकदा इथल्या बेकरीत उभं करायला हवं.

बाहेर आल्यावर नव्या खात्याचा बावीस अक्षरांचा क्रमांक वसतिगृहाला, विमा कंपनीला आणि बंद खात्यावाल्यांना कळवते. विद्यार्थ्याचा आरोग्य विमा महिन्याला दीडशे युरोच्या आत-बाहेर, भाडं साडेतीनशे-चारशे. युरो शंभर रुपयांपलीकडे गेल्यामुळे गुणाकार सोपा झाला आहे, एवढंच त्यातलं सुख. नोकरी करता येते, पण मोजून: २०२४ च्या मार्चपासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे. विद्यापीठातच सहायकाचं काम मिळालं तर ते या हिशेबात धरत नाहीत, म्हणून आम्ही सगळे विभागांच्या सूचनाफलकांकडे आशाळभूतपणे पाहत फिरतो.

साडेचार

जुना टेबललॅम्प घ्यायला श्टुटगार्टच्या पश्चिम भागात. जाहिरात देणाऱ्या आजी चौथ्या मजल्यावर राहतात आणि लॅम्पबरोबर एक बल्ब फुकट देतात. गाव वाटीसारखं, चहूबाजूंनी डोंगर, उतारांवर द्राक्षमळे. द्राक्षमळे पाहिले की नाशिककराला परकं वाटत नाही. डोंगर चढायला शहरभर चारशेहून जास्त दगडी जिने आहेत.

उतरताना रोटेब्यूलश्ट्रासवरून मुद्दाम चालत आले. याच रस्त्यावर ७५ बी या पत्त्यावर मागच्या अंगणात रॉबर्ट बॉश यांनी १८८६ च्या नोव्हेंबरात एक कारागीर आणि एक हरकाम्या पोरगा घेऊन दुकान थाटलं. आमच्या घराचं सगळं या दुकानावर आहे. बाबा नाशिकच्या मायकोत नोझलच्या लाइनवर होते. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, पण नाशिकमध्ये आजही रिक्षावाल्याला ‘मायको सर्कल’च सांगायचं. मी रस्त्याच्या पाटीचा फोटो काढून पाठवला. नाशिकला आठ वाजले होते, बाबा बातम्या बघत असणार. एका मिनिटात उत्तर: “इथूनच ड्रॉइंग यायचे.” आणि पाठोपाठ दुसरा मेसेज: “जेवलीस का?”

सहा

किराणा. आधी रिकाम्या बाटल्या यंत्रात घालायच्या. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत, २००३ पासूनचा नियम. चार बाटल्यांचा एक युरो, म्हणजे शंभर रुपये. पार्टीनंतरच्या सकाळी बाटल्या गोळा करायला आमच्यात चढाओढ लागते.

पिठाच्या फळीपुढे मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहते. पाकिटांवर आकडे: ४०५, ५५०, १०५०. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर मागे किती मिलिग्रॅम राख, म्हणजे खनिजं, उरतील त्याचा हा आकडा. कोंडा जास्त तर राख जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा. त्याची पोळी थंड झाली की चामडं. पूर्ण गव्हाच्या पिठाची लाटताना तुटते, कारण ते जाडसर दळलेलं. सीनियर मुलींचा तोडगा असा की १०५० घ्यायचं आणि त्यात थोडं पूर्ण गव्हाचं मिसळायचं, कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवायचं. भारतीय दुकानात आट्याची पिशवी मिळते, पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला.

गल्ल्यावरच्या बाई विजेच्या वेगाने वस्तू पुढे ढकलतात. पिशवीत भरायला माणूस नाही, पिशवीही आपलीच. मागचा गृहस्थ आपलं सामान माझ्या सामानाला लागू नये म्हणून मध्ये पट्टी ठेवतो. शनिवारी दुप्पट गर्दी असते, कारण रविवारी सगळी दुकानं बंद. इथे दूध संपलं म्हणून रविवारी कोपऱ्यावर जाता येत नाही.

रात्री नऊ

स्वयंपाकघरात व्हिएतनामची मुलगी भात लावते आहे, कोलंबियाचा मुलगा अंडी फोडतो आहे. माझ्या कुकरच्या पहिल्या शिट्टीला पहिल्या आठवड्यात तो खोलीतून धावत आला होता. आता तो शिट्ट्या मोजतो आणि तिसरीला मला हाक मारतो. पोळ्या बऱ्या फुगल्या आहेत. डाळ मात्र आज दुपारच्या शिकवणीप्रमाणे व्हिनेगर घालून केली.

दहाला रात्रीची शांतता सुरू होते, सकाळी सहापर्यंत. मिक्सर, कपडे धुण्याचं यंत्र, मोठ्याने फोन, सगळं बंद. म्हणून खोबऱ्याची चटणी पावणेदहाला वाटून घेते. भिंतीवर या आठवड्याच्या सफाईचा कागद आहे आणि त्यावर माझं नाव, अर्थात बाबांच्या नावासकट. श्वाबियात पाळीपाळीने जिना-अंगण झाडायची रीत पंधराव्या शतकातल्या शहर-आदेशापासूनची सांगतात. वसतिगृहात तिचा धाकटा अवतार आहे. ओटा पुसून, कचरा चार डब्यांत वेगळा करून, फरशीवर पोछा मारते. काचेच्या बाटल्या बाहेर रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या असतात, पण आता नाही, आवाज होतो.

लॅम्प लावून उद्याची फाइल काढते. व्हिसा काही महिन्यांचाच आहे, त्याआधी राहण्याच्या परवान्याचा अर्ज जायला हवा. पासपोर्ट, फोटो, विम्याचं पत्र, प्रवेशाचं पत्र, आजचा शिक्क्याचा कागद. बंद खात्याचं पत्र तेवढं प्रिंट करायचं राहिलंय. लायब्ररीतला प्रिंटर आठला सुरू होतो आणि लेक्चरही आठलाच आहे. कोलंबियाचा मुलगा म्हणतो, त्याला पहिला तास नाही, तो काढून आणेल. बदल्यात उद्या दोन पोळ्या.

“तीन घे,” मी म्हणते, आणि त्याला फाइल पाठवते.